माळ्यावरचा थोरला

उदयसिंहरावाचं लग्न जमायला तशी एकच अडचण होती. ती माळ्यावर राहत होती, सकाळ-संध्याकाळ ज्वारी खात होती आणि उन्हं उतरली की बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यावर दोन घिरट्या घालून आपली आपण घरी परत येत होती. अडचण म्हणजे आबासाहेबांची कबुतरं.

आबासाहेब म्हणजे दत्ताजीराव, उदयसिंहाचे वडील. गायकवाडी रिसाल्यातून निवृत्त झालेला माणूस एक तर देवाच्या नादी लागतो, नाहीतर कोर्टाच्या. आबासाहेब कबुतरांच्या नादी लागले. हाताखाली घोडेस्वार उरले नव्हते, म्हणून त्यांनी कबुतरांनाच हुद्दे वाटले. एक सरलष्कर, दोन पागनीस, बाकीचे सगळे बारगीर. रोज सकाळी माळ्यावर हजेरी व्हायची. एका बारगिरानं शेजारच्या छपरावर रात्र काढली म्हणून आबासाहेबांनी त्याला एक पायरी खाली उतरवलं होतं. बारगिराच्या खाली कुठली पायरी असते हे रिसाल्यातही कुणाला ठाऊक नव्हतं. कबुतराला तर नव्हतंच.

उदयसिंह राजवाड्याचा खर्च बघणाऱ्या खानगीच्या कचेरीत कारकून होता आणि स्वभावानं संशयी होता. भैयानं मापापेक्षा जास्त दूध घातलं तरी तो भैयाकडे डोळे बारीक करून बघायचा. खंडेराव मार्केटात वांगी ताजी दिसली की तो म्हणायचा, "एवढी ताजी का?" अशा माणसाचं लग्न लवकर जमत नाही. त्यातून दोन ठिकाणची बोलणी कबुतरांनी मोडली होती, म्हणजे कबुतरांनी एका मुलीच्या मामाच्या नव्या पगडीवर मत व्यक्त केलं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी मुलीकडचे नुसते माळ्याकडे बघूनच परत गेले होते.

या वेळी मात्र उदयसिंहाला लग्न हवं होतं. मुलगी साताऱ्याकडची, नाव विजयमाला. मध्यस्थ मोहनराव तिचा फोटो घेऊन आले होते, आणि तो त्यांना परत द्यायला उदयसिंह तीनदा विसरला होता.

"घराणं उत्तम, मुलगी शिकलेली," मोहनराव म्हणाले. "तिचे वडील श्रीपतराव आणि त्यांच्या थोरल्या बहीण जिजाबाई, दोघं घर बघायला येणार. तीन दिवस मुक्काम. एकच सांगतो, श्रीपतरावांना कबुतरं चालत नाहीत."

"चालत नाहीत म्हणजे? खात नाहीत?" आबासाहेबांनी विचारलं.

"त्यांच्या चुलत्यानं कबुतरांच्या नादात घर बुडवलं. ज्या घरावर कबुतर बसतं त्या घरात मी मुलगी देणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलंय."

तो दिवसभर आबासाहेब माळ्यावरून खाली उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी आबासाहेब हरले. सगळी पलटण टोपल्यांत घालून बैलगाडीनं सावली गावाला, त्यांच्या जुन्या सोबत्याकडे, पिलाजीरावांकडे रवाना झाली. "पाहुणे गेल्यावर, चौथ्या दिवशी सकाळी टोपल्या उघडा," आबासाहेबांनी निरोप पाठवला. "ती आपली आपण घरी येतील. वाट सांगावी लागणार नाही."

माळा झाडला, धुतला, त्याला चुना लावला आणि कुलूप घातलं. विचारलं तर अडगळ आहे असं सांगायचं ठरलं. माळ्याची फळ्यांची जमीन म्हणजेच माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलीचं छत होतं. तिथं स्वच्छ चादरी घातलेल्या दोन खाटा मांडल्या, मध्ये लाकडी पडदा उभा केला.

पाहुणे आले. श्रीपतराव उंचनिंच, ताठ, शब्द तोलून बोलणारे. जिजाबाई लहानखुऱ्या, पण त्यांची नजर अशी की घरातली भांडीसुद्धा अंग चोरून बसावीत. पहिल्याच जेवणात त्यांनी वरणाचा भुरका मारला आणि हात थांबवला.

"ह्यात गूळ हाय."

"आमच्याकडे घालतात थोडा," उदयसिंहाच्या आई, अहल्याबाई, म्हणाल्या. "बडोद्याचं पाणीच तसं आहे."

"पाणी गोड हाय?"

"नाही. म्हणून तर घालतात."

पुढचा प्रत्येक पदार्थ जिजाबाईंनी आधी बोटाच्या टोकाला लावून जिभेला टेकवला, मीठसुद्धा.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. ऐन उकाड्यात श्रीपतराव मनगटापर्यंत बाह्यांचा अंगरखा घालून खाली आले आणि उपरणं गळ्याभोवती गुंडाळून बसले. चहाचा कप घेताना बाही जरा वर सरकली, तेव्हा उदयसिंहाला मनगटावर लाल-जांभळा गोल डाग दिसला. शेजारी आणखी एक. श्रीपतरावांनी बाही घाईनं ओढली. तिकडे जिजाबाई दाराच्या चौकटीला पाठ लावून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, हळूहळू वरखाली होत होत्या.

उदयसिंहानं चहा संपवला आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"ढेकूण आहेत."

"माझ्या घरात?" अहल्याबाईंचा आवाज चढला. "खाटांवर मी परवा आधणाचं पाणी ओतलंय! असतील तर त्यांच्या वळकटीतून आले असतील. साताऱ्याहून इथवर गाडीत कुणाकुणाच्या शेजारी बसले असतील, देव जाणे."

त्यांनी तेव्हाच दोन्ही वळकट्या गच्चीवर उन्हात टाकल्या. "आमच्याकडे पद्धत आहे," त्या जिजाबाईंना गोड हसून म्हणाल्या. "मानाच्या पाहुण्याच्या अंथरुणाला ऊन दाखवतात."

"मानाच्या," जिजाबाई म्हणाल्या.

खाटा आपटल्या, उलट्या केल्या, सांध्यांत सळई घालून बघितली. औषधालाही ढेकूण नाही. वळकट्यांतही काही नाही. म्हणजे चावणारं कुणीच नव्हतं आणि डाग मात्र होते. जिजाबाई आता येताजाता उदयसिंहाचा हात धरून "किती बारीक झालायसा" म्हणत त्याची कोपरं तपासत होत्या. अहल्याबाई पाणी द्यायच्या निमित्तानं जिजाबाईंची मान बघत होत्या. समोरच्या घराण्यात काहीतरी रोग आहे आणि तो आपल्यापासून लपवला जातोय, असं दोन्ही बाजूंना एकाच वेळी वाटत होतं. एवढं एकमत झालेलं असूनही ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

उदयसिंहाचा संशय भलतीकडेच वळला. पाहुणे लवकर जावेत असं या घरात कुणाला वाटत होतं? ज्याची पलटण सावलीला टोपल्यांत बसली होती त्याला.

त्यानं आबासाहेबांना ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. "खाजकुयली कुठं आहे?"

"कसली खाजकुयली?"

"पाहुण्यांच्या अंथरुणात टाकलेली."

आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "मी? पाहुण्याच्या अंथरुणात? मी रिसाल्यातला माणूस आहे. मला कुणाशी वैर करायचं असतं तर समोरून केलं असतं."

"आणि त्या सुभेदाराच्या खोगिरात कुणी टाकली होती?" आतून अहल्याबाईंचा आवाज आला.

"ते पाठीमागूनच करण्यासारखं होतं," आबासाहेब म्हणाले आणि बोलणं तिथंच संपवलं.

यानं संशय कमी व्हायच्या ऐवजी दुणावला. त्यात दुपारी आबासाहेब हातात वाटी घेऊन, धोतराचा सोगा वर धरून, चोरपावलांनी माळ्याचा जिना चढताना दिसले. उदयसिंह मागोमाग गेला. आबासाहेबांनी कुलूप काढलं. आत कोपऱ्यात सरलष्कर बसला होता. एका डोळ्यानं आंधळा, एक पंख लोंबता.

"आबासाहेब!"

"हळू बोल. त्याला बैलगाडी लागते," आबासाहेब कुजबुजले. "मागं एकदा नेला होता, तर दोन दिवस मान टाकून पडला. म्हातारा आहे. असा किती दिवसांचा सोबती? आवाज करू नकोस म्हणून मी त्याला सांगितलंय."

सरलष्करानं छाती फुगवली आणि म्हटलं, "घूंऽऽ घूंऽऽ."

उदयसिंहानं कपाळाला हात लावला. पण म्हाताऱ्याला आता कुठं नेणार? एक दिवस कळ काढली की पाहुणे जाणार होते. त्यानं पुन्हा कुलूप घातलं, किल्ली आबासाहेबांकडे दिली आणि या कटात तोही सामील झाला.

रात्री जेवताना श्रीपतरावांनी उदयसिंहाला सहज विचारावं तसं विचारलं, "आपण किती भावंडं?"

"एकटाच."

"एकटाच." श्रीपतरावांनी छताकडे बघितलं, मग पानाकडे. "थोरलं कुणी नाही?"

"नाही."

"झालं होतं आणि गेलं, असंही नाही?"

"नाही."

"हं," श्रीपतराव म्हणाले, आणि आबासाहेबांकडे त्यांनी अशा काही दयेनं पाहिलं की आबासाहेबांनी उचललेला घास पुन्हा पानात ठेवला. जेवण झाल्यावर श्रीपतराव शिऱ्याची एक वाटी घेऊन वर गेले. रात्री भूक लागली तर असावी म्हणून, असं ते म्हणाले.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पाहुणे निघायचे होते. सकाळी उठल्या उठल्या जिजाबाईंनी गुडघे धरले.

"माझ्यानं गाडीत बसवायचं न्हाई. एक दिवस ऱ्हातो."

त्यांचे गुडघे आदल्या दिवशी जिन्यावरून धडाधड वरखाली होताना सगळ्यांनी पाहिले होते. पण पाहुण्याच्या गुडघ्यावर संशय कसा घ्यायचा? उदयसिंहानं घेतला, मनातल्या मनात. या बाईला इथं काहीतरी सापडलंय किंवा सापडायचं राहिलंय, हे त्याला दिसत होतं. श्रीपतरावांचे डाग गळ्यापर्यंत पोचले होते. लग्न हातातून जात होतं, आणि कशामुळे जातंय तेही कळत नव्हतं.

म्हणून त्या रात्री त्यानं स्वतःच तपास केला. श्रीपतरावांना म्हणाला, "खाली ओसरीवर झोपा, वारा छान येतो." स्वतः वर, पडद्याअलीकडच्या त्यांच्या खाटेवर झोपला. आणि झोपायच्या आधी, आबासाहेब घोरायला लागल्यावर, त्यांच्या खोलीला बाहेरून हळूच कडी घातली. सकाळी डाग नसले तर गुन्हेगार आबासाहेब. डाग असले तर आबासाहेब सुटले. सरळ हिशेब होता.

सकाळी त्याच्या दंडावर चार लाल-जांभळे गोल होते आणि खाली दार धडाधडा वाजत होतं. उदयसिंह जिना उतरून पोचेपर्यंत ओसरीवरच्या श्रीपतरावांनीच कडी काढली होती.

"तुम्हाला कोंडलं कुणी?" श्रीपतराव विचारत होते.

आबासाहेबांनी मुलाकडे बघितलं. मुलाचा चेहरा बघून घराण्याची अब्रू त्यांना आठवली. "मीच," ते म्हणाले.

"बाहेरून?"

"सवय आहे."

श्रीपतराव दोन पावलं मागं सरले. नंतर कळलं की त्या क्षणापासून त्यांच्या मनात प्रश्न एकच उरला होता: या घरात कोंडतं कोण, आणि आता पाळी कुणाची?

इकडे उदयसिंहाची वेगळीच पंचाईत झाली. आबासाहेब निर्दोष सुटले. आई आधीच सुटली होती. वळकट्या सुटल्या, ढेकूण सुटले. संशय घ्यायला कुणी उरलं नाही की संशयी माणूस फार एकटा पडतो. तो दंड खाजवत ओसरीवर बसून राहिला.

तेवढ्यात माडीवरून जिजाबाईंची हाक आली. "समदी वर या. दत्ताजीराव, तुमी आधी."

सगळे वर गेले. जिजाबाई खाटेवर चढून उभ्या होत्या. हातात केसांतला आकडा. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी पुढं केला. त्यावर एक चपटं, करडं, सुरकुतलेलं काहीतरी होतं, जुन्या चामड्याच्या बटणासारखं. मग बटणाला पाय फुटले.

"गोचीड," जिजाबाई म्हणाल्या. "छताच्या फळीच्या फटीत व्हता. तिथं अशांची पलटण बसलीय."

"पलटण?" आबासाहेबांनी सवयीनं विचारलं. "किती?"

"हजेरी घ्यायची तुमाला सवय दिसतीया, तुमीच घ्या."

"अक्का, गोचीड बैलाच्या कानात असतो," श्रीपतराव म्हणाले. "फळीत कशाला बसेल?"

"ही जात येगळी. बैलाचा गोचीड जिथं जेवतो तिथंच चिकटून ऱ्हातो, गरीब बिचारा. हा जेवतो एकाकडं आन् ऱ्हातो दुसरीकडं. अंधारात येतो, घटकाभरात पोट भरतो, उजाडायच्या आत फटीत. चावताना कळत न्हाई, दिवसा हुडकावं तर अंगावर न्हाई. माझ्या खुराड्यात शिरला व्हता. कोंबड्या दिसामाशी पांढऱ्या पडत व्हत्या, एक सापडली तर मेलेलीच. मी बोक्यावर संशय घेतला, राखणदारावर घेतला, शेजारणीवर घेतला. शेजारणीशी अजून बोलत न्हाई."

"पण ती निर्दोष निघाली ना?" उदयसिंहानं विचारलं.

"निघाली की. पर आता न बोलायची सवय झाली."

त्यांनी तळवा आबासाहेबांच्या नाकापुढं नेला. "ह्यो प्राणी उपाशी लई दिस काढतो. वर्षं काढतो. तवा तो सहसा खाली उतरून माणसाच्या वाटंला जात न्हाई. उतरला म्हंजे त्याचं वरचं जेवण कुणीतरी एकाएकी बंद केलं. वर काय व्हतं, दत्ताजीराव?"

"काही नाही. अडगळ."

"अडगळीला रगत असतं?"

तेवढ्यात छतावरून आलं, "घूंऽऽ घूंऽऽ."

श्रीपतरावांनी घसा खाकरला. "अक्का, आता मीच सांगतो. मला परवापासून माहीत आहे. वर यांचा थोरला मुलगा आहे."

अहल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आबासाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "माझा?"

"रात्री तो कण्हतो, मी कानांनी ऐकलंय. दुपारी तुम्ही वाटीतून त्याला दाणे नेता, भातसुद्धा नाही. विचारलं तर मुलगा सांगतो, मी एकटा." श्रीपतरावांनी छताकडे बोट केलं. "वेड असेल त्याला. घरात असतं एखाद्याच्या, आम्ही समजून घेतलं असतं. पण कोंडून ठेवायचं, आणि आता तर तुम्ही स्वतःलाही कोंडून घेता! मला राहवलं नाही. परवा रात्री मी त्याच्या दाराशी शिऱ्याची वाटी ठेवली. सकाळी रिकामी होती. त्यानं खाल्ला."

आबासाहेबांनी मान खाली घातली. शिरा कुणी खाल्ला हे उदयसिंहाला त्या मानेवरून कळलं.

"श्रीपती," जिजाबाई म्हणाल्या, "थोरल्याला गोचीड चावंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर एवढी पलटण एका थोरल्यावर पोसायची म्हंजे थोरला केवढा पायजे! काढा कुलूप."

किल्ली आबासाहेबांच्या कमरेला होती. ती काढताना त्यांनी जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. सगळे माळ्यावर गेले. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं, रिकाम्या खोलीच्या मधोमध, सरलष्कर एका पायावर उभा होता. त्यानं चांगल्या डोळ्यानं पाहुण्यांची पाहणी केली.

"हा?" श्रीपतरावांनी विचारलं.

"सरलष्कर," आबासाहेब म्हणाले.

"हे कबुतर आहे."

"एकच आहे," उदयसिंह घाईनं पुढं झाला. "म्हातारं आहे. उडत नाही, दिसत नाही. त्याला कबुतर म्हणणंसुद्धा जिवावर येतं. जखमी सापडलं, दया आली, ठेवून घेतलं. एका कबुतरानं काही घर बुडत नाही, श्रीपतराव."

श्रीपतराव विचारात पडले. थोरला नाही, वेड नाही, रोग नाही. नुसतं एक आंधळं पाखरू. चेहऱ्यावरचा ताठरपणा जरा सैल व्हायला लागला. "एक असेल तर," ते म्हणाले, "एकाचं काही..."

तो दिवस चौथा होता आणि पिलाजीराव शब्दाचे पक्के होते. आधी फडफडीचा आवाज आला, मग खिडकीतला उजेड गेला. पाठोपाठ सगळी पलटण एकदम आत घुसली. दोन्ही पागनीस आपापल्या खांबांवर बसले. बारगीर खुंट्यांवर, वाशांवर, अहल्याबाईंच्या खांद्यावर. जागा न मिळालेला एक श्रीपतरावांच्या डोक्यावर बसला. हा तोच पायरी उतरवलेला होता, तो कधी वेळेवर जागा धरत नसे.

श्रीपतराव हलले नाहीत. आबासाहेबांना मात्र राहवलं नाही. ते खांबाखांबावरून बोट फिरवत गेले, शेवटी श्रीपतरावांच्या डोक्यापाशी थांबले आणि समाधानानं म्हणाले, "सगळे हजर."

"मुलगी द्यायची नाही," श्रीपतराव म्हणाले. डोक्यावर कबुतर असताना माणूस जेवढ्या तोऱ्यात बोलू शकतो तेवढ्या तोऱ्यात ते बोलले. "अक्का, सामान बांध. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं."

ते खाली उतरले. कबुतर दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेलं. आबासाहेब आणि अहल्याबाई मागोमाग विनवण्या करत गेले. जिन्यातून आवाज येत राहिले, "अहो, ऐका तर," "तुम्ही रागावू नका," "अहो, जरा पाणी तरी घ्या."

उदयसिंह माडीवरच्या खोलीत येऊन खाटेवर बसला. खिशात तो परत न केलेला फोटो होता. आता तो द्यावा लागणार होता.

जिजाबाई दारात उभ्या राहिल्या. "घासलेट हाय घरात?"

"कशाला?"

"फटीत भरायला. आन् एक काठी, चिंधी गुंडाळून."

"तुम्ही तर निघालात."

"गाडी सांजची. तवर बसून करू काय? तुमच्या वरणातला गूळ मोजू?"

उदयसिंहानं घासलेट आणलं, स्टूल आणलं. जिजाबाई खालून काठीच्या टोकानं फट दाखवायच्या आणि तो वर उभा राहून चिंधीनं घासलेट भरायचा. फटीतून एकेक करडं बटण बाहेर यायचं, दोन पावलं चालायचं आणि टपकन खाली पडायचं. जिजाबाई त्यावर चप्पल ठेवायच्या. बाई मजेत होत्या. त्या चक्क गुणगुणत होत्या.

उदयसिंहाचा हात थांबला. भावानं लग्न मोडलं होतं, अंगभर चट्टे होते, गाडीचं सामान बांधायचं होतं आणि ही बाई गुणगुणत होती. त्याचे डोळे आपोआप बारीक झाले.

"आत्याबाई, तुम्ही गुडघ्याचं खोटं सांगितलंत."

"व्हय."

"रोग शोधायला थांबलात."

"व्हय. रोग न्हाई निघाला. तुमी लोक खोटं बोलता, ते निघालं. पर तुमाला येत न्हाई नीट. तीन माणसं मिळून एक कबुतर लपवाया गेलात, तर ते बी छताला कान लावल्यासारखं ऐकू आलं. पोरीला इथं कुणी फसवलं तर तिला दुपारपतुर कळंल. हे बरं हाय."

"मग श्रीपतराव?"

"श्रीपतीचं मी बघते. कबुतरं ऱ्हाऊ द्यात, चुलता कबुतरानं बुडाला न्हाई, चुलता आमचा मुळातच बुडणारा व्हता. फकस्त माळ्याच्या फळ्यांवर दर म्हैन्याला चुना आन् घासलेट. माझं म्हणणं श्रीपतीनं आजवर मोडलेलं न्हाई."

उदयसिंहाला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता. पण इतकं सोपं? साताऱ्याहून एवढ्या लांब येऊन, गोचीड चावून घेऊन, खोट्यात पकडून, वर मुलगी द्यायला तयार? त्यानं काठी खाली केली.

"आत्याबाई, आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"तुम्ही काय लपवलंय?"

जिजाबाईंनी चपलेखालचं बटण बघितलं, दोनदा बघितलं. "लपवलं न्हाई. कुणी इचारलं न्हाई."

"मी विचारतोय."

"पोरगी उंच हाय," त्या म्हणाल्या. "बापावर गेलीया. त्या पायी तिकडची दोन ठिकाणं बोलणी झाल्यावर मागं फिरली. न्हाईतर बडोद्यापतुर कोण येतंय गोड वरण खायला? बाकी पोरगी सोनं हाय. हसली म्हंजे घर हसतं."

"किती उंच?"

"तुमच्यापरीस चार बोटं."

उदयसिंहानं थोडा विचार केला. "कुणाची बोटं? तुमची की माझी?"

"माझी."

त्यानं त्यांच्या हाताकडे बघितलं. हात लहान होता, बोटं बारीक होती. एखाद्यानं यावर विश्वास ठेवला असता. उदयसिंह स्टुलावरून उतरला, दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "दाखवा कुठपर्यंत."

जिजाबाई जवळ आल्या. चौकटीवर त्यांनी बोट टेकवलं, मग जरा वर सरकवलं, मग टाचा उंचावून आणखी वर. उदयसिंहानं मान वळवून वर बघितलं. तिथं चार बोटं नव्हती. तिथं एक आख्खी वीत होती आणि वर थोडं.

"ही चार बोटं?"

"वाढतं वय हाय पोरीचं," जिजाबाई म्हणाल्या.

खाली ओसरीवर श्रीपतराव "नाही म्हणजे नाही" म्हणत होते आणि आबासाहेब त्यांना पाण्याचा तिसरा पेला देत होते. उदयसिंह चौकटीवरच्या त्या जागेकडे बघत राहिला. त्यानं खिशातून फोटो काढला, त्या उंचीवर धरून बघितला आणि परत खिशात ठेवला. मग तो स्टुलावर चढला आणि काठी घासलेटात बुडवली.

"तुम्ही खाली जाऊन बोला, आत्याबाई," तो म्हणाला. "फक्त अंतरपाटाच्या वेळी माझ्या पायाखाली दोन पाट ठेवायला सांगा."